जेवण असेल तरच हाक

किनाऱ्यावर उतरल्या उतरल्या तुम्ही पर्यटक छाती भरून जो समुद्राचा वास घेता ना, तो समुद्राचा नसतोच मुळी. तो कुणाच्या तरी जेवणाचा वास असतो. आमच्या वायंगखोलात आलेल्या प्रत्येकाला मी हे सांगते आणि प्रत्येक जण हसतो. हसू देत. मी भांडखोर आहे हे सगळ्या वाडीला माहीत आहे, नवऱ्याला तर लग्नाआधीपासून माहीत होतं. तेव्हा पुढे जे झालं त्यावर 'हेमांगीचा स्वभावच तसा' असं झाकण कुणी घालू नये.

जेवणाचं सांगत होते. समुद्राच्या पाण्यात डोळ्यांना न दिसणारी वनस्पती तरंगत असते, तिला आम्ही वनस्पती-प्लवक म्हणतो. तिच्यावर कोपेपॉड नावाचे रव्याच्या कणाएवढे प्राणी जगतात. कोपेपॉड ही वनस्पती चावतात तेव्हा तिच्या फुटलेल्या पेशींतून गंधकाचा एक वायू सुटतो. डायमिथाइल सल्फाइड हे त्याचं भारदस्त नाव. आमच्या केंद्रात आम्ही त्याला सरळ 'फोडणी' म्हणायचो. फोडणीचा वास पसरला की पाखरांना कळतं, माशांना कळतं, की तिकडे पंगत बसली आहे. बांगडा त्या वासामागे येतो, तोंड उघडं ठेवून पोहतो आणि कोपेपॉड गाळून खातो. हजारो वर्षं हा वास कधी खोटा ठरला नव्हता. खोटा ठरायला तो वास काढणारं दुसरं कुणी समुद्रात नव्हतंच.

मी गाबिताची, म्हणजे मासेमाऱ्यांची पोर. शिकून परत आले आणि गावाच्या टोकाला समुद्र-अभ्यासाचं जे छोटं केंद्र आहे तिथे लागले. रोज सकाळी बारीक कापडाचं जाळं पाण्यातून ओढायचं, त्यात काय सापडलं ते सूक्ष्मदर्शकाखाली बघायचं, खाडीत किती जेवण आहे ते सांगायचं. अमोघ ती फोडणी मोजायला आला. मिरजेचा माणूस, रसायनशास्त्रातला, मासा म्हणजे काय ते आमच्या आयेने त्याला शिकवलं. आधी काटे काढून भरवला, मग मुलगी दिली.

माझे वडील, दाजी, वायंगखोलच्या रापणीचे तांडेल, म्हणजे म्होरके. रापण म्हणजे भलंमोठं जाळं. होडीने ते पाण्यात अर्धगोल सोडायचं, दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावर आणायचे आणि अख्ख्या वाडीने ओढायचे. दोराला ज्याचा हात लागला त्याला वाटा, मग तो मास्तर असो, विधवा असो की वाट चुकलेला पावणा असो. आणि दोराला हात न लावता वाटा मिळतो तो एकाच माणसाला, बघणाऱ्याला. तो वर कड्यावर उभा राहतो, पाण्यातला थवा बघतो आणि पंचा हलवून खूण करतो. त्याचा वाटा सगळ्यांच्या आधी काढतात. त्याला उलट विचारायचं नाही हा आमच्याकडचा पक्का नियम. 'खराच दिसता काय रे?' म्हणून खालून कुणी ओरडत बसलं की तेवढ्यात थवा वळून जातो. आणि बघणारा खोटं सांगेल कशाला? त्याचा वाटाही त्याच जाळ्यात असतो.

दोन हजार एक्केचाळीस सालापर्यंत आमच्याकडचा समुद्र पुरता तापला होता. बांगडा किनाऱ्याला टाळून दूर, खोल, गार पाण्यातून निघून जायचा. गंमत अशी की आमच्या खाडीत जेवण असायचं. माझं जाळं कोपेपॉडांनी भरून यायचं, पण तिथला वास तेवढ्या लांब पोचतच नव्हता. पंगत वाढलेली आणि पावणे रस्त्यावरून परस्पर पुढे, असा प्रकार. दोन वर्षं रापणीचे दोर सुके आले. पोरं गोव्याच्या हॉटेलांत जायला लागली.

यावर अमोघने हाकारा बनवला. हाकारा म्हणजे पिवळं, तरंगणारं पिंप. आत समुद्रशेवाळाची पूड, तिच्यातून तोच वायू सोडवणारं एक विकर, म्हणजे एन्झाइम, आणि चिनीमातीच्या सच्छिद्र नळ्या. नळ्यांतून वास थेंबाथेंबाने पाण्यात झिरपायचा आणि प्रवाहाबरोबर लांब जायचा. वास अस्सल, नैसर्गिक वासात नि त्याच्यात कणभर फरक नाही. बांगड्याच्या नाकाने तरी तो ओळखणं शक्य नव्हतं.

मी त्याला तेव्हाच बजावलं होतं, "अमोघ, हे लाऊडस्पीकरसारखं वापरायचं. खाडीत जेवण असेल तरच हाक. नसेल तर पिंप बंद. रिकाम्या ताटावर कुणाला बोलवायचं नाही."

"अगं, म्हणजे काय! तूच ठरवायचंस," तो म्हणाला. "तुझ्या अंगठ्याशिवाय ते उघडणारच नाही, तशीच सोय करतो." आणि केलीही. माझ्या मोबाईलवर माझा अंगठा लागला तरच नळ्या उघडायच्या. मत्स्यखात्याने परवाना दिला तोही याच अटीवर.

रापणीची माणसं किनाऱ्यावर जमली होती. दाजींनी सगळ्यांसमोर आपला पंचा माझ्या खांद्यावर टाकला. "आजपासून बघणारी हेमा. ती हो म्हणात तर हो, नाय म्हणात तर नाय. बघणाऱ्याक कोणी उलट विचारूचा नाय, म्हायत आसा मा?" आजवर बाई कधी बघणारी झाली नव्हती. मी सगळ्यांच्या देखत ढसाढसा रडले आणि शेवंतीकाकीने मला "गप गो, रडतंस काय!" म्हणून पाठीत धपाटा घातला.

पहिलं वर्ष सोन्याचं गेलं. मी सकाळी पाणी बघायची, जेवण असेल तर अंगठा लावायची. बांगडा यायचा, भरपेट खायचा, थोडा आमच्या जाळ्यात, बाकीचा तृप्त होऊन समुद्रात. पोरं गोव्याहून परत आली. मी अमोघच्या गळ्यात पडून म्हणाले होते, "मिरजेचं पार्सल भारी निघालं हो!"

पुढच्या वर्षी पाणी आणखी तापलं. खाडीतली वनस्पतीच कमी झाली, मग कोपेपॉड कुठून येणार? माझं जाळं वर यायचं ते पाण्यासारखं स्वच्छ. मी रोज 'नाही' म्हणत होते, पिंप बंदच होतं. आणि तरीही रापणीला बांगडा लागत होता. सगळे म्हणायचे, देवाची कृपा. मीही म्हणाले, असेल बाई. आपणहून येत असतील तर बरंच आहे.

एक दिवस शेवंतीकाकी आमच्या मागच्या दारी बांगडे कापत बसली होती. काकी म्हणजे दाजींची भावजय. तिने एक मासा चिरला, बोटाने चाचपला, बाजूला टाकला. दुसरा चिरला.

"पोटात कायच नाय गो," ती म्हणाली. "गाबोळी पण नाय. ह्या दिसांत गाबोळी नाय म्हणजे काय?"

मी मासे उचलून केंद्रात नेले. या दिवसांत बांगड्याच्या पोटात कोपेपॉडांचा लगदा असतो, मादीच्या पोटात अंडी असतात. यांच्या पोटात काहीही नव्हतं, चरबीचा पट्टासुद्धा झिजलेला. हे मासे बरेच दिवस उपाशी होते आणि तरी इथेच घोटाळत होते. उपाशी मासा जेवण नसलेल्या जागी कशाला थांबेल?

मी अमोघला विचारलं. तो चहा गाळत होता. "लांबून पोहून येतात गं, पोट रिकामं होणारच," तो म्हणाला. "आणि तू हल्ली किती दमतेस, बघतेस का आरशात? घे, आलं घातलंय." मी चहा घेतला. आता तो कप आठवला की हात चुरचुरतात. त्याने माझ्याकडे बघून, हसून, आलं घालून खोटं सांगितलं होतं.

दोन-चार दिवसांनी सकाळी मी नेहमीप्रमाणे पाणी घ्यायला उतरले. जाळं रिकामं. पण वास! असा घमघमाट की लहानपणीच्या भाद्रपदाची आठवण यावी. मी जाळ्याकडे बघितलं, पाण्याकडे बघितलं. पाण्याला वास होता, जेवण नव्हतं.

होडी घेऊन हाकाऱ्यापाशी गेले. पिवळं पिंप बंद, नळ्या कोरड्या. मग म्हटलं, वारा येतोय त्या बाजूने जाऊ. वल्ही मारत कड्याला वळसा घातला. तिथे खडकांच्या आड, किनाऱ्यावरून अजिबात दिसणार नाही अशा जागी, एक काळं रंगवलेलं पिंप तरंगत होतं. त्याच्या अंगावर चिनीमातीच्या नळ्या. त्या नळ्या जगात एकच माणूस बनवत होता आणि तो सकाळी माझ्यासाठी पोहे करत होता.

पण मला रडू आलं ते दोर बघून. पिंप खडकाला बांधलं होतं रापणीच्या दोराने, आणि गाठ होती उलट्या पिळाची. दाजी डावखुरे. अख्ख्या वायंगखोलात तशी गाठ दुसरं कुणी मारत नाही. लहानपणी माझ्या परकराची नाडी ते तश्शीच बांधायचे, आई वैतागून सोडवायची. मी ती गाठ सोडली आणि पिंप होडीला बांधलं.

किनाऱ्याला परत आले तेव्हा रापण ओढणं चालू होतं. दोन्ही दोरांवर अख्खी वाडी, आणि दाजींच्या शेजारी अमोघ, पाय वाळूत रोवून ओढतोय. मी ते काळं पिंप होडीमागून ओढत आणलं होतं, ते लोटून वाळूवर टाकलं.

"ह्या कोणाचा?" मी विचारलं.

दोर थांबले. मी एकेकाकडे बघत गेले. सगळ्यांच्या माना खाली. शेवंतीकाकीचीसुद्धा! माझ्या मागच्या दारी बसून पोटात काही नाही म्हणून नवल करणारी शेवंतीकाकी! तेव्हा मला उमगलं की एक चोर शोधायचं काम नव्हतंच. सगळ्या किनाऱ्याला माहीत होतं, एकट्या मला सोडून.

"काकी, तुका पण?"

"माका पिंपाचा म्हायत होता," ती पुटपुटली. "मासो उपाशी ऱ्हवता ह्या म्हायत नाय होता. म्हणान तर तुका दाखवलंय." म्हणजे तिने तोंडाने सांगायची हिंमत केली नाही, माशाच्या पोटाकडून वदवलं.

दाजी पुढे आले. "हेमा, आयक. दोर सुको ऱ्हवलो तर पोरा जातली. रापणीक साठ हात लागतत. एकदा मोडली की मोडली, परत उभी ऱ्हवाची नाय. माझ्या आज्यान ओढलेली रापण ती. माझ्या हातान मोडू?"

"मग माका कित्या बघणारी केल्यात? पंचो कित्या दिल्यात?"

"तुझ्या 'नाय'मुळेच तर खात्याचे लोक गप आसत गो," मागून कुणीतरी बोललं. "तुझो अंगठो बघतत आणि जातत."

खरं सांगते, कानशिलात बसली असती तर कमी लागलं असतं. म्हणजे माझं रोजचं पाणी बघणं, माझं 'नाही', माझा अंगठा, हे सगळं बाहेरच्यांना दाखवायचं शोभेचं काम होतं. आणि रोज संध्याकाळी बघणाऱ्याचा वाटा म्हणून माझ्या दारात बांगडे येत होते, तेही मी खात होते.

अमोघ जवळ आला. "हेमा, घरी चल. मी समजावतो."

"इथेच समजाव. सगळ्यांना माहीत आहेच."

"दाजी माझ्याकडे आले तेव्हा रडत होते. काय करणार होतो मी? तुला सांगितलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस."

"म्हणून तर मला विचारायचं ठरलं होतं ना रे, मेल्या!"

तो हळूच म्हणाला, "तुला त्रास होऊ नये म्हणूनच लपवलं." याहून संतापजनक वाक्य मी आयुष्यात ऐकलेलं नाही. मला त्रास होऊ नये म्हणून! जशी मी ताप आलेली पोर आहे आणि ही सगळी माझ्या उशाशी बसून होती!

त्या दिवशी अर्ध्यात सोडलेली रापण मागून त्यांनी ओढलीच. मी घरात जाऊन कपडे भरले, पंचा दाजींच्या दारात ठेवला आणि केंद्रातल्या खोलीवर राहायला गेले. काळं पिंप मी दगडाने फोडलं. पुरावा म्हणून दाखवण्यासारखं काही उरलं नाही, म्हणून तक्रारही केली नाही. खरं तर तक्रार केली असती तर दाजींना नेलं असतं. तेवढं माझ्याच्याने झालं नाही.

अमोघ काही महिन्यांनी कोचीला गेला. एका कंपनीने हाकारे बनवायला घेतले होते. जाताना तो केंद्राच्या फाटकाशी बराच वेळ उभा होता. मी खिडकीतून बघत होते. बाहेर गेले नाही.

त्याच्या पुढच्या वर्षी पश्चिम किनाऱ्यावर जिकडेतिकडे हाकारे दिसायला लागले. जेवण बघायची अट कोण पाळतो? प्रत्येक खाडी बोंबलून सांगत होती की पंगत इथे आहे. बांगडा इकडून तिकडे, तिकडून इकडे, उपाशी फिरत होता आणि सगळीकडे जाळ्यात जात होता. सुरुवातीला मासळी अशी उतरली की लोक नाचले. मग कमी झाली. मग थांबली.

का थांबली ते मी केंद्रातल्या मोठ्या टाकीत बघितलं. टाकीत तारली सोडल्या, बांगड्यासारख्याच थव्याने फिरणाऱ्या. एका कोपऱ्यात फोडणीचा वास सोडायचा आणि खायला काही द्यायचं नाही. पहिल्यांदा सगळ्या झुंडीने धावल्या. मग काही धावल्या, काही थबकल्या. थोड्या दिवसांनी वास आला की सगळ्या तोंड फिरवायच्या. इथवर मला अपेक्षित होतं. पण मग मी त्यात नवी पिल्लं सोडली, ज्यांना कधीच फसवलं नव्हतं. वास आला, पिल्लं निघाली, आणि मोठ्या तारली वळल्या नाहीत हे बघून तीही थांबली. थवा असाच शिकतो. म्हाताऱ्यांना जी वाट माहीत तीच पिल्लांची वाट. नंतर मी खरे कोपेपॉड टाकले, भरपूर, वासासकट. त्या कोपऱ्यात कुणी गेलं नाही. उपाशी होत्या बिचाऱ्या, तरी गेल्या नाहीत.

मी टाकीपुढे स्टूल ओढून बसले आणि त्यांना म्हणाले, "बरोबर आहे तुमचं." कारण आदल्याच दिवशी अमोघचा फोन आला होता. या वेळी त्याचा आवाज खरा वाटत होता, माफी खरी वाटत होती, आणि मी फोन ठेवून दिला होता.

हाकाऱ्यांवर बंदी आली तोवर समुद्राचं काम तमाम झालं होतं. पुढच्या पावसाळ्यानंतर पाणी जरा निवलं. आमच्या खाडीत असा बहर आला की मी इतक्या वर्षांत बघितला नव्हता. जाळं कोपेपॉडांनी जड व्हायचं. वास तर घराघरांत शिरला होता, खरा वास. बांगडा आला नाही. वाढलेलं ताट कुणीतरी खाणारच, ते जेलीफिशनी खाल्लं. रापण टाकली की जाळ्यात थुलथुलीत लगदा, हाताला आग. त्याच्या पुढच्या वर्षीही तेच. साठ हातांचे वीस उरले. ज्या रापणीसाठी मला फसवलं ती तशीही मोडत चालली होती, आणि माझ्या जिवाला त्याचं समाधान वाटायला हवं होतं. वाटलं नाही.

या वर्षी भाद्रपद उतरताना दाजी केंद्रावर आले. शेवंतीकाकीचा हात धरून. एवढ्या वर्षांत आम्ही एकमेकांशी शब्द बोललो नव्हतो. त्यांची औषधं मी काकीकडून पाठवायची आणि ती दुकानातून आली असं तिने सांगायचं, आणि त्यांनी विश्वास ठेवल्याचं दाखवायचं. त्यांची नजर पार गेली होती.

"माका आता आकाश आणि पाणी येकच दिसता," ते दारातूनच म्हणाले. "तू बघ."

"आणि मी नाय म्हटलंय तर?"

"तर नाय."

"मागच्या खेपेक पण असाच म्हटल्यात."

त्यांनी मान खाली घातली. मला वाईट वाटलं आणि वाईट वाटल्याचा रागही आला. पण मी खरं काय ते स्वच्छ सांगितलं. "दाजी, थवो इलो तर पयलो सोडूचो. तेका खाऊ दे आणि जाऊ दे. हयसर जेवण मिळता ह्या तेका परत कळूक होया. तो पिल्लांक घेऊन येतलो. पयलोच पकडलास तर संपला सगळा, कायमचा."

"पटता माका," ते म्हणाले. "पण लोक थांबाचे नाय. आणि खोटा कित्या बोलू, जाळ्यासमोर मासो दिसलो तर मी पण थांबूचंय नाय. उपाशी माणूस आसंय मी."

निदान या वेळी खरं बोलले. त्यांनी पुढे केलेला पंचा मी घेतला.

तेव्हापासून रोज सकाळी आम्ही दोघं कड्यावर. ते दगडावर बसायचे, भाकरीचा डबा मांडीवर. मी उभी. खाली होडी तयार, जाळं भरलेलं, वीस माणसं वर बघत. रोज मी मान हलवायची आणि दाजी खाली ओरडायचे, "नाय!"

आज सकाळी वास होता. जाळं ओढून बघितलं होतं, जेवण उदंड होतं. ऊन वर आलं तेव्हा खाडीच्या तोंडाशी पाणी काळवंडलं. आधी वाटलं ढगाची सावली. मग ती सावली वाऱ्याच्या उलट सरकली. कडेने पाणी उकळल्यासारखं थरथरलं, आणि त्यात चमक दिसली. बांगडा! फार मोठा थवा नव्हता. भीत भीत येत होता, थांबत होता, पुन्हा पुढे सरकत होता. मग अगदी आमच्या पायाखाली येऊन त्यांनी तोंडं उघडली आणि ते खायला लागले. मी इतक्या वर्षांत कशासाठी म्हणून एवढी खूश झाले नसेन. पंचा माझ्या हातात होता.

थव्यावर पाखरं जमली. कलकलाट सुरू झाला.

दाजींनी मान वर केली. "हेमा. दिसता काय गो?"

खाली वीस माणसांनी होडीला हात लावला होता. त्यांच्यात गोव्याहून परत आलेली पोरं होती. शेवंतीकाकी दोराशी उभी होती, पदर खोचून. मला त्या सगळ्यांची भूक माहीत होती. आणि तेव्हा मला तो आल्याचा चहा आठवला. फसवताना समोरच्याबद्दल केवढी माया दाटून येते ते मला आजवर माहीत नव्हतं.

"नाय, दाजी," मी म्हणाले. "पाणी रिकामाच आसा."

"पाखरां कित्या ओरडतत मगे?"

"जेलीफिश असात. माका काय म्हायत."

पाखरांचा आवाज आणखी वाढला. त्यांनी आयुष्यभर तो आवाज ऐकलाय, कुठली पाखरं कशावर ओरडतात ते त्यांना झोपेतही कळतं. त्यांचे ते पांढरट डोळे माझ्या तोंडाकडे लागले होते. मी घट्ट उभी राहिले. एकदा जरी विचारलं असतं ना, 'खराच काय गो?', तर मी फुटले असते.

त्यांनी विचारलं नाही. कडेला जाऊन, दोन्ही हात तोंडाशी धरून ते खाली ओरडले, "नाय! आज पण नाय!"

खाली माणसांनी होडीवरचे हात काढले. कुणी उलट विचारलं नाही. सगळी वाळूत बसली.

दाजी चाचपडत दगडावर येऊन बसले. डबा उघडला. आत एकच भाकरी होती. त्यांनी ती मोडली, मोठा तुकडा माझ्यापुढे धरला.

"घे," ते म्हणाले. "बघणाऱ्याचो वाटो आदी."

मी घेतला. खाली बांगडा जेवत होता.